रोन रंगाचा ‘घातक जनुक’ : एका गृहीतकाची ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना
घोड्याच्या अंगावर मूळ रंगाचे व पांढरे केस एकमेकांत मिसळलेले असून डोके, आयाळ, शेपूट व पायांचा खालचा भाग मात्र गडद राहतो, तेव्हा त्या रंगास ‘रोन’ म्हणतात. करडा घोडा वयाबरोबर पांढरा होत जातो. रोन घोडा तसा होत नाही. या रंगाविषयी विसाव्या शतकात रूढ झालेल्या एका समजुतीचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

गृहीतकाची पार्श्वभूमी
1905 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ क्युनो यांना पिवळ्या उंदरांची शुद्ध पैदास होत नसल्याचे आढळले. 1910 मध्ये कॅसल व लिटल यांनी त्याची उकल केली. पिवळ्या रंगाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती मिळालेला गर्भ जगत नाही, त्यामुळे अपेक्षित 3:1 ऐवजी 2:1 हे प्रमाण मिळते. हाच तर्क पुढे घोड्यांना लावण्यात आला. 1979 मध्ये हिंट्झ व व्हॅन व्हलेक यांनी बेल्जियन जातीच्या वंशावळी-नोंदी तपासल्या आणि रोन जनुक प्रभावी असून त्याच्या दोन प्रती गर्भास घातक ठरतात, असा निष्कर्ष मांडला. परिणामी रोन नर-मादीची जोडणी टाळावी, अशी धारणा पैदासकारांत निर्माण झाली.

पुराव्याचे स्वरूप
येथे इतिहासाच्या अभ्यासकास परिचित असा प्रश्न उपस्थित होतो. वंशावळीतील रंगाची नोंद म्हणजे प्रत्यक्ष रंग नव्हे. ती नोंद करणाऱ्याचा निर्णय होय. शिंगराची पहिली लव झडेपर्यंत रोन रंग स्पष्ट होत नाही. करडे होऊ लागलेले शिंगरू काही काळ रोनसारखेच दिसते. रोन घोड्याचा रंग ऋतुमानानुसारही फिका-गडद होतो. शिवाय 40 शिंगरांत 3:1 प्रमाणाने 30, तर 2:1 प्रमाणाने सुमारे 27 रोन अपेक्षित असतात. एवढा अल्प फरक काही थोड्या चुकीच्या नोंदींनीही पुसला जाऊ शकतो.

पुनर्विचार
1999 मध्ये रोन रंगाचा केआयटी या जनुकाशी निकटचा संबंध दाखविण्यात आला. 2020 मध्ये आइसलँडिक घोड्यांच्या पैदास-नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. रोन नर-मादीच्या संततीतील प्रमाणावरून दोन प्रती असलेले रोन घोडे जगतात, असे त्यात दिसून आले. हा निष्कर्षही नोंदवह्यांवरूनच काढला गेला, ही बाब विशेष लक्षणीय होय. साधन त्याच प्रकारचे, निष्कर्ष मात्र विरुद्ध.

समारोप
अकबराच्या काळात रूढ झालेल्या दाग-चेहरा पद्धतीत घोड्याचा रंग हा त्याच्या ओळखीचा पुरावा मानला जाई. एका घोड्याच्या जागी दुसरा दाखविला जाऊ नये, हा त्यामागील हेतू. वंशावळी-नोंदींचा हेतू जातीची शुद्धता राखण्याचा. यांपैकी कोणतीही नोंद आनुवंशिकीच्या प्रयोगासाठी केलेली नव्हती. नोंद कोणी, केव्हा आणि कशासाठी केली, हे पाहिल्यावाचून तिच्यातील आकड्यांवर विसंबणे धोक्याचे असते. रोन रंगाच्या बाबतीत एका जातीच्या नोंदींवरून निघालेले अनुमान सर्वच घोड्यांचा नियम मानले गेले आणि सुमारे 40 वर्षे त्याचा प्रभाव टिकला. साधनचिकित्सा ही केवळ इतिहासाची नव्हे, तर विज्ञानाचीही गरज आहे, हेच यावरून स्पष्ट होते.