विमानतळावरील घोषणा आणि वाणीची सुबोधता

हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द नीट कळत नसत. 1895 साली वॉलेस सॅबिन यांनी त्याचे कारण शोधण्यास आरंभ केला. अनुरणनकाल, म्हणजे मूळ ध्वनी थांबल्यावरही तो घुमत राहण्याचा अवधी, दालनाच्या घनफळाबरोबर वाढतो व ध्वनिशोषणाने घटतो, हे त्यांनी सिद्ध केले.

पुढे विमानतळांवर काँक्रीट व काचेची विशाल प्रवासीगृहे आली. न्यूयॉर्क येथे 1962 साली खुले झालेले, एरो सारिनेन यांचे टी.डब्ल्यू.ए. प्रवासीगृह त्यांपैकी प्रसिद्ध होय. अशा वास्तूंत घनफळ मोठे व शोषण अल्प. परिणामी स्वरांचे अनुरणन पुढील दुर्बळ व्यंजनांना झाकून टाकते. ‘सात’ व ‘साठ’ यांतील भेद एका व्यंजनाचा. तो बुडाला की प्रवासी द्वार चुकतो.

ध्वनिवर्धकाचा आवाज चढविणे हा उपाय नव्हे. अनुरणनही तितकेच चढते. शिवाय गोंगाटात मनुष्य नकळत उच्च स्वरात बोलतो, हे एत्येन लोंबार यांनी 1911 मध्येच दाखविले होते. म्हणून शोषक छत, श्रोत्यांजवळ लहान ध्वनिवर्धक आणि मोजक्या घोषणा हेच खरे उपाय ठरतात. काही विमानतळांनी सर्वसाधारण घोषणा बंदच केल्या आहेत; परंतु फलक वाचू न शकणाऱ्या प्रवाशास शांतता नव्हे, सुबोध शब्दच हवा असतो.