धावत्या पेशीची दुरुस्ती

१८८५ साल. जर्मनीतलं कील हे बंदराचं शहर. वाल्थर फ्लेमिंग यांच्या शेजारी बसून तुम्ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावता. काचेवर लसीकाग्रंथीचा पातळ, रंगवलेला काप आहे. विभागणाऱ्या पेशीतले धागे कसे दिसतात, हे फ्लेमिंग यांनी तीन वर्षांपूर्वीच पुस्तकात मांडलंय. या कापातल्या फिकट गोलात तशा पेशींची नुसती दाटी आहे. याच गोलाला पुढे सगळे जननकेंद्र म्हणणार आहेत. अजून नीट बघा: काही थोराड पेशींच्या पोटात गडद ठिपके आहेत. ते मेलेल्या बी पेशींचे, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या वंशातल्या पेशींचे अवशेष. फ्लेमिंग त्यांची नोंद करतात, पण त्या पेशी का मेल्या हे विचारायला त्यांच्या काळात डीएनएचं काम कुणालाच ठाऊक नाही.

पुढची उडी १९७६ मध्ये, स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात. सुसुमु तोनेगावा आणि नोबुमिची होझुमी जेलीच्या लादीचे काप करतायत. तिच्यात उंदराच्या गर्भाचा डीएनए लांबीनुसार पसरलाय. तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या डीएनएचा उगम प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींच्या गाठीत आहे. दर कापातून डीएनए वेगळा करायचा, त्यात किरणोत्सारी आरएनए घालायचा आणि कुठे चिकटतो ते मोजायचं. किती कंटाळवाणं काम! पण आकडे बघा. गर्भाच्या डीएनएत प्रतिपिंडाचं जनुक दोन वेगळ्या तुकड्यांवर सापडतं, गाठीच्या डीएनएत एकाच. म्हणजे वाढता वाढता या पेशीने स्वतःचा डीएनए तोडून नव्याने जोडलाय. शरीरातल्या सगळ्या पेशींचा डीएनए सारखाच, हा समज इथे ढासळतो. तोनेगावांना १९८७ चं नोबेल मिळालं ते यासाठी.

तोडणं सोपं, सांधणं अवघड. १९८३ साली फिलाडेल्फियात असे उंदीर सापडल्याची नोंद झाली, ज्यांच्यात ही सांधणीच बिघडलेली होती. त्यांच्यात धड बी पेशी नव्हत्या, ना टी पेशी.

आता क्योतो, १९९९. तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत एआयडी नावाचं एन्झाइम हाती लागलंय. त्याचं काम बघायचं तर तुम्हाला स्वतःच्याच शरीरात उतरावं लागेल. पायाच्या जखमेत जंतू शिरलेत, जांघेत अवधाण आलंय. त्या गाठीतल्या जननकेंद्रात बी पेशी सहा ते बारा तासांत दुप्पट होतायत. दर वेळी डीएनएची जवळपास सहाशे कोटी अक्षरजोड्यांची नक्कल. आणि एवढ्या घाईत एआयडी प्रतिपिंडाच्या जनुकातल्या सी अक्षराचं यू करतं. यू हे आरएनएचं अक्षर, डीएनएत ते उपरं. त्या जागी चुका होतात, एरवीपेक्षा सुमारे दहा लाख पट जास्त. बहुतेक चुका वाया जातात. एखादीमुळे प्रतिपिंड जंतूला अधिक घट्ट धरतं आणि ती पेशी जगते. बाकीच्यांचा शेवट फ्लेमिंग यांनी पाहिलेल्या त्या ठिपक्यांत होतो.

विभागताना गुणसूत्रांची टोकंही झिजतात. ती पुन्हा वाढवणाऱ्या टेलोमरेझची पहिली खूण १९८४ च्या नाताळच्या दिवशी बर्कलीत कॅरल ग्रायडर यांना दिसली. शरीरातल्या बहुतेक पेशी ते बंद ठेवतात, जननकेंद्रातल्या बी पेशी ते चालू करतात.

मला सगळ्यात मोलाचा मुक्काम वाटतो तो २००८ चा, येल विद्यापीठातला. डेव्हिड शॅट्झ यांच्या गटाने उंदरांच्या बी पेशींतली कितीतरी जनुकं वाचून काढली. त्यातून दिसलं की एआयडी फक्त प्रतिपिंडाच्या जनुकावर थांबत नाही, ते इतर अनेक जनुकांनाही हात लावतं. कर्करोगाशी नातं असलेलं मिक हे जनुकही त्यात आहे. तरी तिथे चुका साचत नाहीत, कारण यूएनजी हे एन्झाइम उपरं यू उपटून टाकतं, एमएसएच२ विसंगत जोडी हेरतं आणि योग्य अक्षर परत बसतं. हे दोन्ही दुरुस्तीगार काढून टाकलेल्या उंदरांत मात्र मिकमध्येही बदल साचले. प्रतिपिंडाच्या जनुकात मात्र हीच यंत्रणा ढिसाळ काम करते, तसं करणं तिथे गरजेचंच असतं. एकाच पेशीत, एकाच वेळी, एका जागी चुकांना मोकळीक आणि शेजारी काटेकोर पहारा! प्रतिकारशक्तीचं कौतुक करताना आपण जंतूंशी झुंजण्याबद्दल बोलतो. माझ्या मते पहिला मान या दुरुस्तीचा.

एक गोष्ट ती बी पेशी जोखीम पत्करून करते. डीएनए तुटला की गजर देणाऱ्या पी५३ला जननकेंद्रात बीसीएल६ हे प्रथिन दाबून ठेवतं. तसं केलं नाही, तर पहिल्याच चिरेला पेशी आत्महत्या करेल. पण गजर दबलेला असताना एखादी चुकीची जोडणी निसटली, तर तिथून लिम्फोमा सुरू होऊ शकतो. बर्किट लिम्फोमात आठव्या गुणसूत्रावरचं मिक बहुतेकदा चौदाव्यावरच्या प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी जाऊन बसलेलं सापडतं.

म्हणून जखम बरी झाल्यावर ओसरणाऱ्या अवधाणाची भीती बाळगू नका. पण मानेत, काखेत किंवा जांघेत आलेली गाठ दुखत नसली तरी काही आठवडे तशीच राहिली किंवा वाढत गेली, तर घरगुती लेपात दिवस घालवू नका, डॉक्टरांना दाखवा.