यंत्राचें टपाल

घरबसल्या आगगाडीचें तिकीट काढावें, विजेचें बिल भरावें, किंवा एखाद्या ग्रंथालयाच्या पानावर आपलें नांव नोंदवावें, आणि खुर्चीवरून उठण्यापूर्वींच ‘आपली नोंद झाली’ असें पत्र ई-मेलनें हातीं यावें, हा अनुभव आतां इतका नित्याचा झाला आहे कीं त्याचें नवल कोणासच वाटत नाहीं. परंतु तें पत्र लिहितो कोण? तेथें कोणी कारकून बसलेला नसतो. ज्या दूरच्या संगणकावर तें पान ठेवलेलें असतें, त्या सर्व्हरवरच आज्ञांची एक यादी असते. तिला स्क्रिप्ट म्हणतात. भरलेला अर्ज हातीं येतांच ती कामास लागते, नांव आणि रक्कम जागच्या जागीं घालून मजकूर सिद्ध करते, आणि पत्र टपालांत टाकते. हें टपालांत टाकणें वरवर क्षुल्लक दिसतें. तथापि त्याचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानांत येतें कीं, तो वस्तुतः विश्वासाचा इतिहास आहे.

या टपालाचें मूळ वेबच्याही आधीचें आहे. १९७१ च्या अखेरीस अमेरिकेंतील केंब्रिज येथें, बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनींत, रे टॉमलिन्सन या अभियंत्यानें अर्पानेट जाळ्यावरून एका संगणकाचें पत्र दुसऱ्या संगणकास पोंचविलें. दोन्ही यंत्रें एकाच खोलींत शेजारीं शेजारीं उभीं होतीं! माणसाचें नांव आणि यंत्राचें नांव यांच्यामध्यें ‘ॲट’ हें चिन्ह घालण्याची कल्पनाही त्याचीच. त्या काळीं जाळ्यावर मोजक्या विद्यापीठांचे व संशोधनसंस्थांचे संगणक असत. लिहिणारे आणि वाचणारे बहुधा एकाच वर्तुळांतले. अशा घरोब्यांत पत्रावरील सही खरी कीं खोटी, हा प्रश्न कोण विचारणार?

याच घरोब्याच्या वातावरणांत जॉन पोस्टेल यानें ऑगस्ट १९८२ मध्यें एस. एम. टी. पी. या नांवानें टपालाचे नियम प्रसिद्ध केले. त्यांतील रीत मोठी सुटसुटीत आहे. पत्र देणारें यंत्र घेणाऱ्या यंत्रास प्रथम सलाम करतें; मग पाठविणाराचा पत्ता सांगतें, मग ज्यास पत्र द्यावयाचें त्याचा पत्ता, आणि शेवटीं मजकूर. ज्या ओळींत एका टिंबाशिवाय दुसरें कांहींच नाहीं, ती ओळ आली कीं पत्र संपलें असें समजावयाचें. कागदी टपालांत पाकिटावरचें नांव एक आणि आंतील पत्राखालचें नांव दुसरें असूं शकतें, तसेंच येथेंही. आणि या दोहोंपैकीं एकाही नांवाची शहानिशा करण्याची तरतूद मूळ नियमांत नव्हती. जो जें नांव सांगेल तें खरें!

हे नियम अमलांत आणणारा पोस्टमास्तर म्हणजे सेंडमेल नांवाचा प्रोग्रॅम. बर्कले येथील विद्यापीठांत एरिक ऑलमन यानें तो लिहिला व १९८३ मध्यें तो तेथील युनिक्सबरोबर बाहेर पडला. कोणत्याही प्रोग्रॅमनें आपलें पत्र त्याच्या हातीं द्यावें आणि निश्चिंत व्हावें. पुढील वाट शोधण्याचें काम त्याचें. अनोळखी माणसाच्या शब्दावर भिस्त ठेवण्याचा पहिला मोठा तडाखाही त्यालाच बसला. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें सोडलेल्या एका स्वयंप्रसारी प्रोग्रॅमनें हजारों यंत्रें अडवून ठेविलीं. त्याच्या शिरकावाच्या वाटांपैकीं एक सेंडमेलमधली होती. दोष शोधण्याच्या सोयीसाठीं ठेविलेली ती वाट उघडीच राहिली होती. तींतून पत्त्याच्या जागीं आज्ञा लिहिली, तर यंत्र ती आज्ञाही पाळीत असे. पत्ता आणि आज्ञा यांतील भेद यंत्रास आपोआप कळत नाहीं, हा धडा त्या दिवशीं मिळाला. तो पुनः पुन्हां गिरवावा लागला.

पुढें वेब आली. १९९३ मध्यें इलिनॉय विद्यापीठाच्या एन. सी. एस. ए. या केंद्रांत वेबच्या पानावरील अर्ज सर्व्हरवरील प्रोग्रॅमकडे देण्याची सी. जी. आय. ही पद्धत ठरली, आणि पान बोलूं लागलें. अर्ज आला कीं पर्ल भाषेंतील स्क्रिप्टनें सेंडमेलला हांक मारावी आणि मजकूर त्याच्याकडे लोटावा, ही स्क्रिप्टनें पत्र पाठविण्याची पहिली रूढ रीत. १९९५ मध्यें रॅस्मस लर्डॉर्फ यानें पी. एच. पी. जगापुढें ठेविली. त्या भाषेंत हेंच काम ‘मेल’ या एका शब्दावर आलें: पत्ता, विषय आणि मजकूर दिला कीं झालें. मात्र त्या शब्दानें ‘होय’ असें उत्तर दिलें, तर त्याचा अर्थ पत्र पोंचलें असा नव्हे. तें पेटींत पडलें, एवढाच. पुष्कळ नवशिक्यांनीं हा भेद न ओळखतां न पोंचलेल्या पत्रांची वाट पाहिली आहे.

सोय झाली, तशी लबाडीचीही सोय झाली. मॅट राइट या तरुणानें त्याच सुमारास फॉर्ममेल नांवाची स्क्रिप्ट सर्वांस मोफत दिली, व ती असंख्य पानांवर बसली. अर्ज कोणाकडे धाडावयाचा, तो पत्ता तींत अर्जाच्या पानावरच एका अदृश्य रकान्यांत लिहिलेला असे. एखाद्यानें तो बदलून भलताच पत्ता घातला, तरी स्क्रिप्ट निमूटपणें तेथें पत्र धाडी. दुसरी युक्ति याहून सूक्ष्म. ‘आपला पत्ता लिहा’ या रकान्यांत पत्ता लिहून, ओळ मोडून, खालीं आणखी शेंकडों जणांचे पत्ते घालावयाचे. शीर्षकाच्या ओळी जशाच्या तशा पुढें गेल्या कीं तेवढ्या सर्वांना पत्र जाई. अशा रीतीनें एखाद्या गरीब दुकानदाराचें चौकशीचें पान परक्याच्या जाहिरातींचा छापखाना बनें, आणि त्याला त्याचा पत्ताही नसे. कळे तें उशिरां, म्हणजे त्याच्या सर्व्हरचें नांव काळ्या यादींत गेल्यावर आणि त्याचीं स्वतःचीं खरीं पत्रें परत येऊं लागल्यावर. चोरी एकाची आणि शिक्षा दुसऱ्यास, असा हा न्याय होता.

मराठी माणसास आणखी एक अडचण सोसावी लागली. पोस्टेलच्या नियमांत अवघ्या १२८ चिन्हांची सोय होती. इंग्रजी अक्षरें, अंक व विरामचिन्हें यांतच ती संपली. देवनागरीस त्या टपालांत जागा नव्हती. जून १९९२ मध्यें नाथानिएल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड यांनीं माइम हे नवे नियम प्रसिद्ध केले. पत्र कोणत्या लिपिसंकेतांत आहे तें शीर्षकांत सांगावयाचें, आणि मजकूर जुन्या चिन्हांच्या वेषांत गुंडाळून पाठवावयाचा, अशी ती योजना. युनिकोडची जोड मिळाल्यावर मराठी पत्राची वाट मोकळी झाली. तरीही स्क्रिप्टनें हा संकेत सांगितला नाहीं, तर विषयाच्या जागीं प्रश्नचिन्हांची माळ उमटते.

विश्वासाची घडी पुन्हां बसविण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. डिसेंबर १९९८ मध्यें पत्रें सुपूर्द करण्यासाठीं ५८७ क्रमांकाचें स्वतंत्र द्वार ठरलें, आणि मार्च १९९९ मध्यें नांव व परवलीचा शब्द सांगून आंत येण्याची रीत मान्य झाली. येथून स्क्रिप्टला दुसरा मार्ग मिळाला: आपल्याच यंत्रावरील पोस्टमास्तरास हांक न मारतां, ओळख पटवून दूरच्या टपाल-सर्व्हरशीं स्वतः बोलणें. २००१ पासून प्रचारांत आलेल्या पी. एच. पी. मेलर या तयार साधनानें हें काम सुलभ केलें. पण डिसेंबर २०१६ मध्यें त्यांतही एक मोठें छिद्र सांपडलें: सेंडमेलच्या मार्गानें पत्र जातांना पाठविणाराच्या पत्त्यांत दडविलेले शब्द त्या प्रोग्रॅमला सूचना म्हणून पोंचत. अठ्ठावीस वर्षांपूर्वींचाच धडा!

नांवाची शहानिशा करण्याचे तीन उपाय यानंतर आले. पहिला, एस. पी. एफ., एप्रिल २००६ मध्यें प्रसिद्ध झाला. आपल्या नांवानें कोणत्या यंत्रांनीं पत्रें धाडावीं, याची यादी त्यांत नांवाचा मालक जाहीर करतो. दुसरा, डी. के. आय. एम., मे २००७ चा. त्यांत प्रत्येक पत्रावर गणिती मोहोर उमटते, आणि मजकुरांत फेरफार झाल्यास ती जुळत नाहीं. तिसरा, डी. मार्क, मार्च २०१५ मध्यें नियमरूपानें प्रसिद्ध झाला. पत्रावर वाचकास दिसणारें नांव पहिल्या दोन पुराव्यांशीं जुळतें कीं नाहीं तें पाहून, न जुळल्यास काय करावें, हें तो सांगतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनीं मोठ्या प्रमाणावर पत्रें पाठविणारांस हे तिन्ही पुरावे सक्तीचे केले. गूगलची मर्यादा दिवसाला ५,००० पत्रांची.

एवढें सारें सांभाळणें लहान संस्थेस जड जातें. म्हणून तिसरा मार्ग रूढ झाला. जानेवारी २०११ मध्यें अमेझॉननें सुरू केली तशा टपालसेवेकडे स्क्रिप्टनें मजकूर सोंपवावा, आणि मोहोर, रांग व परत आलेल्या पत्रांचा हिशेब त्या सेवेनें पाहावा. यांत सोय आहे, आणि परावलंबनही आहे. ज्या टपालांत कोणासही पेटी मांडतां येत असे, त्याच्या नाड्या आतां थोड्या मोठ्या कंपन्यांच्या हातीं आल्या आहेत.

विसरलेला परवलीचा शब्द बदलण्याची वाट, परीक्षेचें प्रवेशपत्र, बँकेची सूचना, हें सारें आज याच टपालानें येतें. खोट्या पत्रास भुलून पैसे गमावणारा आणि खरें पत्र न मिळाल्यानें संधि गमावणारा, दोघेही एकाच उणिवेचे बळी होत. शेजारच्या यंत्रास पत्र देतांना टॉमलिन्सनला पुरावा मागण्याची गरज नव्हती. जग त्या खोलीएवढें राहिलें नाहीं, म्हणून यंत्राच्या पत्रासही आतां आपली ओळख पटवावी लागते.