रिसेप्टर सापडला, पण चालेना : एसीटीएच रिसेप्टरची गोष्ट

पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'टार्गेटचा जीन क्लोन झाला, आता त्यावर बसणारा रेणू शोधायचा.' जणू या दोन गोष्टींच्या मधे काही घडतच नाही. असं वाटत असेल तर एसीटीएच रिसेप्टरचा इतिहास जरूर वाचा. हा रिसेप्टर क्लोन झाला १९९२ मध्ये. तो बंद करणारी, तोंडाने घ्यायची गोळी माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोचली २०२१ मध्ये. मधली जवळजवळ तीस वर्षं कुठे गेली, ते आज बघू.

आधी थोडी उजळणी. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल बनवतात. किती बनवायचं हे मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ठरवते, आणि तो निरोप ती एसीटीएच या ३९ अमिनो आम्लांच्या हॉर्मोनमार्फत पाठवते. पीयूषिकेला वरून हुकूम देतो हायपोथॅलॅमस, सीआरएफ नावाच्या हॉर्मोनने. रक्तात कॉर्टिसोल पुरेसं झालं की वरचे दोघं गप्प बसतात. कॉर्टिसोल कमी पडलं की ओरडा वाढतो.

या साखळीचा पहिला धागा १८५५ मध्ये सापडला. लंडनच्या गायज् हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन यांनी थकवा, उलट्या आणि काळवंडलेली त्वचा असलेल्या ११ रुग्णांचं वर्णन छापलं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या अधिवृक्क ग्रंथी क्षयरोगाने खाल्लेल्या होत्या. (आपल्याकडे या ग्रंथी निकामी होण्यामागे क्षयरोग आजही मोठं कारण आहे, त्यामुळे हा इतिहास आपल्यासाठी फारसा जुना नाही.) दहा वर्षांनी, १८६५ मध्ये, नेपल्सच्या लुइजी दे क्रेक्किओ यांनी एक शवविच्छेदन नोंदवलं. ती व्यक्ती पुरुष म्हणून जगली होती, पण आत गर्भाशय आणि बीजांडं होती आणि अधिवृक्क ग्रंथी प्रचंड मोठ्या झाल्या होत्या. मृत्यू आला तो उलट्या, जुलाब आणि पराकोटीच्या अशक्तपणाने.

आज या आजाराला जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धी म्हणतात, थोडक्यात सीएएच. यातल्या दहापैकी नऊहून अधिक रुग्णांमध्ये २१-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम काम करत नाही. म्हणून कॉर्टिसोल तयार होत नाही. पीयूषिका एसीटीएचचा मारा करत राहते. ग्रंथी फुगते, आणि कॉर्टिसोलच्या वाटेवर अडकलेला कच्चा माल पुरुषी हॉर्मोनांकडे वळतो. मुलीच्या बाह्य जननेंद्रियांची घडण जन्माआधीच बदलते, त्यामुळे निदान निदान जन्मतः तरी होऊ शकतं. मुलगा मात्र वरून अगदी ठीक दिसतो. तीव्र प्रकारात शरीरातलं मीठ टिकत नाही आणि दुसऱ्या आठवड्याच्या आसपास बाळ उलट्या करत कोसळतं. कारण कळायच्या आत ते दगावूही शकतं.

आयसीएमआरने दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि चेन्नई इथे मिळून एक लाखाहून अधिक नवजात बाळांची तपासणी केली. त्यात सीएएचचं प्रमाण ५,७६२ बाळांमागे एक असं निघालं. महाराष्ट्रात दर वर्षी जन्मणाऱ्या मुलांचा आकडा घ्या आणि भागाकार करून बघा. 'दुर्मिळ' हा शब्द जरा जपून वापरावासा वाटतो.

उपचाराची सुरुवात १९५० ची. जॉन्स हॉपकिन्सच्या लॉसन विल्किन्स यांनी सीएएचच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं आणि लघवीतली पुरुषी हॉर्मोनांची पातळी खाली आली. बोस्टनमध्ये फ्रेडरिक बार्टर यांच्या गटानेही हेच दाखवलं. त्याच वर्षी कॉर्टिसोनच्या संशोधनासाठी केंडल, हेंच आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. हा उपचार जीव वाचवणारा होता, आणि पुढची सत्तर वर्षं मूळ कल्पना तीच राहिली.

अडचण त्या कल्पनेतच होती. एकाच गोळीकडून दोन कामं करून घ्यायची होती : शरीराला नसलेलं कॉर्टिसोल पुरवायचं, आणि वर पीयूषिकेला गप्प करायचं. पहिल्या कामाला थोडा डोस पुरतो. निरोगी शरीर दिवसाला त्वचेच्या दर चौरस मीटरमागे साधारण ६ ते १० मिलिग्रॅम कॉर्टिसोल बनवतं. दुसऱ्या कामाला जास्त लागतो. वाढत्या मुलांना हायड्रोकॉर्टिसोन १० ते १५ मिलिग्रॅमच्या हिशोबाने दिलं जातं, आणि कित्येकदा तेवढ्यानेही भागत नाही. डोस कमी ठेवला तर पुरुषी हॉर्मोनं वाढतात, हाडांची टोकं लवकर बंद होतात आणि उंची खुंटते. वाढवला तर स्टेरॉइडनेच उंची खुंटते, वजन आणि साखर वाढते. आईवडिलांनी कितीही काटेकोरपणे गोळीचे तुकडे केले तरी या कात्रीतून सुटका नव्हती.

सुटकेचा विचार सुचायला सोपा आहे. एसीटीएचचा निरोप ग्रंथीवरच अडवला तर गोळीकडे एकच काम उरेल. पण निरोप घेणारा रिसेप्टर हातात हवा ना.

इथे एक ओळखीचं नाव येतं. १९७० मध्ये अमेरिकेच्या एनआयएचमध्ये एका तरुण डॉक्टरने किरणोत्सारी आयोडीन लावलेलं एसीटीएच अधिवृक्क ग्रंथीच्या पटलांवर नेमक्या जागी चिकटतं हे दाखवलं. तो डॉक्टर म्हणजे रॉबर्ट लेफ्कोविट्झ. जी-प्रोटीन रिसेप्टरांवरच्या कामासाठी २०१२ चं नोबेल मिळालेले हेच ते. त्यांचं रिसेप्टरशी नातं जुळलं ते एसीटीएचच्या या कामातून, आणि तेही सुरुवातीच्या वर्षभराहून अधिक काळाच्या अपयशानंतर. पुढे ते ॲड्रिनर्जिक रिसेप्टरांकडे वळले. विज्ञानाच्या दृष्टीने ते बरंच झालं, एसीटीएच रिसेप्टर मात्र मागे राहिला.

मधल्या काळात लोकांनी साखळीच्या दुसऱ्या टोकाला हात घातला. एसीटीएच अडवता येत नाही तर कॉर्टिसोलचा स्वतःचा रिसेप्टर अडवू. फ्रान्सच्या रूसेल-युक्लाफ कंपनीचा आरयू-४८६, म्हणजे मिफेप्रिस्टोन, गर्भपाताची गोळी म्हणून आपल्याला माहीत आहे. मुळात तो कॉर्टिसोलविरोधी रेणू शोधण्याच्या कामातून निघाला. १९८५ मध्ये एनआयएचच्या लिनेट नीमन आणि सहकाऱ्यांनी तो कुशिंग सिंड्रोमच्या, म्हणजे कॉर्टिसोल फार वाढलेल्या, रुग्णावर यशस्वीपणे वापरला. २०१२ मध्ये अमेरिकेत त्याला कुशिंगमधल्या वाढलेल्या साखरेसाठी मान्यता मिळाली.

टार्गेट निवडणं म्हणजे काय, हे समजून घ्यायला मिफेप्रिस्टोनसारखं उदाहरण नाही. हा रेणू प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टरही अडवतो, त्यामुळे गरोदरपणात चालत नाही आणि गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. कॉर्टिसोलचं काम थांबतं, पण कॉर्टिसोल जागेवरच असतं. उलट पीयूषिका आणखी जोर लावते आणि रक्तातलं प्रमाण वाढतं. ते जादा कॉर्टिसोल मिठाचा तोल सांभाळणाऱ्या रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि पोटॅशियम घसरतं. आणि डॉक्टर मोजणार काय? रक्तातल्या कॉर्टिसोलचा आकडा आता काहीच सांगत नाही. औषध काम करतंय, पण ते मोजायची पट्टीच गेली.

पुन्हा एसीटीएचकडे. १९९२ मध्ये ओरेगनच्या व्होलम इन्स्टिट्यूटमध्ये कॅथलीन माउंटजॉय, रॉजर कोन आणि सहकाऱ्यांनी मेलॅनोकॉर्टिन रिसेप्टरांचं कुटुंब क्लोन केलं. एक त्वचेचा रंग ठरवणारा एमसी१आर, दुसरा एसीटीएचचा एमसी२आर. अवघ्या २९७ अमिनो आम्लांचा, या महाकुटुंबातल्या सर्वांत लहान रिसेप्टरांपैकी एक. पुढच्याच वर्षी लंडनच्या एड्रियन क्लार्क यांच्या गटाने दाखवलं की कौटुंबिक ग्लुकोकॉर्टिकॉइड कमतरता या आजारात हाच जीन बिघडलेला असू शकतो. या मुलांमध्ये कॉर्टिसोल नसतं आणि एसीटीएच भरमसाट असतं. तेच एसीटीएच एमसी१आरवर जाऊन त्वचा काळी करतं. मिठाचा तोल मात्र बहुतेकांचा शाबूत राहतो, कारण अल्डोस्टेरॉनची सूत्रं मुख्यतः अँजिओटेन्सिनकडे असतात. औषध शोधणाऱ्याला यापेक्षा चांगली बातमी कुठली? हा रिसेप्टर पूर्ण बंद केला तर माणसाचं काय होतं, याचा प्रयोग निसर्गाने आधीच करून ठेवला होता.

मग अडलं कुठे? रिसेप्टर पेशीत चालेनाच.

ज्यांनी अजून स्क्रीनिंग केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हजारो रेणू तपासायचे तर एचईके किंवा सीएचओसारख्या सरावाच्या पेशी घेतात, त्यांत रिसेप्टरचा जीन घालतात, हॉर्मोन टाकतात आणि सायक्लिक एएमपी वाढतं का बघतात. बाकीच्या मेलॅनोकॉर्टिन रिसेप्टरांनी हे मुकाट केलं. एमसी२आर घातला तर काहीच नाही. अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीतून आलेल्या वाय१ पेशींत तो चालायचा, पण तिथे मूळचा रिसेप्टर आधीच असतो, म्हणजे तुमचा कोणता आणि पेशीचा कोणता हे कसं ओळखणार? असे निकाल बहुतेक प्रयोगशाळांत वहीतच राहतात. क्लार्क यांच्या गटाने ते छापले. २००२ मध्ये त्यांनी दाखवलं की अधिवृक्क नसलेल्या पेशींत हा रिसेप्टर तयार होतो, पण आतल्या जाळ्यातच अडकून पडतो, पृष्ठभागावर येत नाही. म्हणजे अधिवृक्क पेशीत त्याला बाहेर आणणारा कुणीतरी मदतनीस असला पाहिजे.

मदतनीस सापडला तो रुग्णांमुळे. कौटुंबिक कमतरतेच्या साधारण चौथाई रुग्णांतच एमसी२आर बिघडलेला होता, बाकीच्यांत तो ठणठणीत होता. अशा कुटुंबांचा जीनोम चाळताना लू मेथरेल, क्लार्क आणि सहकारी २१ व्या गुणसूत्रावरच्या एका छोट्या जीनपाशी पोचले. हा जीन उंदराच्या चरबीच्या पेशींमुळे आधीच माहीत होता, त्याचं काम तेवढं कुणाला ठाऊक नव्हतं. २००५ मध्ये त्याचं नाव झालं एमआरएपी. सरावाच्या पेशींत एमसी२आरबरोबर एमआरएपी घातला आणि रिसेप्टर चालू झाला. दोन वर्षांनी ज्युलियन सेबॅग आणि पॅट्रिशिया हिंकल यांनी आणखी एक नवल दाखवलं : एमआरएपीचे दोन रेणू एकमेकांना उलट दिशेने जोडून बसतात, एकाचं डोकं आत तर दुसऱ्याचं बाहेर.

माझ्या मते औषधाचा खरा जन्म १९९२ चा नाही, २००५ चा आहे. चाचणीच नव्हती तर रेणू शोधणार कशावर? मी हे भुकूममध्ये बसून लिहितेय. याच मुळशी तालुक्यात नांदे गावात ल्युपिनचं संशोधन केंद्र आहे, आणि त्यांच्या एमएएलटी१ या टार्गेटवरच्या कामाचे हक्क २०१८ मध्ये ॲबव्हीने घेतले. तेव्हा औषधशोध ही कुठे परदेशातच चालणारी गोष्ट नाही. अशा ठिकाणी जायची इच्छा असेल तर मुलाखतीत टार्गेटचं नाव सांगून थांबू नका, 'ते मोजणार कसं' हेही सांगा.

पुढचं थोडक्यात. एमसी२आर फक्त एसीटीएचलाच ओळखतो, बाकीचे चार भाऊ एमएसएचलाही ओळखतात. त्यामुळे फक्त यालाच अडवणारा रेणू मिळण्याची आशा होती. सॅन दिएगोच्या क्रिनेटिक्स कंपनीने तो बनवला, आज त्याचं नाव ॲट्युमेलनंट. सीएएचच्या प्रौढ रुग्णांवरच्या दुसऱ्या टप्प्यात १२ आठवड्यांत, सर्वांत मोठ्या डोसवर, अँड्रोस्टेनडायोन हे पुरुषी हॉर्मोन सरासरी सुमारे ८० टक्क्यांनी उतरलं. त्यापुढच्या टप्प्याच्या चाचण्या चालू आहेत. एनआयएचमध्ये कुशिंगच्या रुग्णांवरही ते तपासलं गेलं, आणि त्या अभ्यासात पुन्हा लिनेट नीमन यांचं नाव आहे. १९८५ पासूनची ही चिकाटी.

शर्यतीत पहिला नंबर मात्र दुसऱ्याचा लागला. साखळीत एक पायरी वर, पीयूषिकेवरचा सीआरएफ रिसेप्टर अडवणाऱ्या क्रिनेसरफॉन्टला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. १८२ प्रौढांच्या चाचणीत स्टेरॉइडचा डोस औषधाच्या गटात २७.३ टक्क्यांनी कमी करता आला, नुसत्या गोळीच्या गटात १०.३ टक्क्यांनी. वरून अडवलं तर पीयूषिकेत थोडी धुगधुगी राहते. ग्रंथीवरच अडवलं तर परिणाम जास्त पक्का, पण ताप किंवा अपघाताच्या वेळी ग्रंथीला स्वतःहून उठता येत नाही. म्हणून अशा रुग्णाला हायड्रोकॉर्टिसोन चुकवून चालणार नाही, आणि आजारपणात डोस वाढवायचा हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावं लागेल.

आणि एक गट असा आहे ज्याला यातलं काहीच लागू नाही. आपल्याकडे कॉर्टिसोलच्या अतिरेकाची लक्षणं घेऊन येणाऱ्या कित्येकांच्या पीयूषिकेत किंवा ग्रंथीत मुळात दोष नसतो. सांधेदुखीच्या पुड्या, दम्याच्या 'जादुई' गोळ्या, गोरं करणारी क्रीम यांतून स्टेरॉइड गेलेलं असतं. सरकारने २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली ती उगीच नाही. अशा रुग्णाचं एसीटीएच आधीच तळाला गेलेलं असतं, त्यामुळे त्याचा रिसेप्टर अडवून काही मिळत नाही. बाहेरचं स्टेरॉइड हळूहळू कमी करायचं आणि झोपी गेलेली ग्रंथी जागी व्हायची वाट बघायची. त्याला कधी महिने लागतात, कधी वर्षही.