आनंदीबाईंचे सहा प्रश्न

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा मी मोठ्या विवंचनेत होते. विवंचना लेखाची नव्हती, प्रवासाची होती. बंगालमधील श्रीरामपूर पाहण्याचा आम्हा उभयतांचा जुना बेत. आमच्या घरी मराठी शिकवण्याचा व्यवसाय. विल्यम केरीने मराठीचे व्याकरण १८०५ साली जेथे छापले, ते हुगळीकाठचे गाव एकदा पाहावे, असे यांना फार वाटे. ते राहून गेले. यांच्या पश्चात दोन वर्षांनी मी ठरवले, की आपण एकटीनेच जाऊन यावे.

ठरवले खरे, पण निघणे होईना! चिरंजिवांनी मोबाइलवर माहिती कशी काढावी ते शिकवले आणि मी वही घेऊन बसले. गाड्या, उतरण्याच्या जागा, हवामान, पाणी, चोऱ्यांच्या वार्ता, सारे टिपले. एकाच जागेविषयी एकीचे मत उत्तम, तर दुसरीचे अगदी उलट. बेचाळीस पाने भरली, तेव्हा ध्यानात आले की त्यांतली चार पाने आपल्या नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरची आहेत! आधी उन्हाळा म्हणून, मग पाऊस म्हणून, मग तिकडे दुर्गापूजेची गर्दी म्हणून, असा बेत तीन वेळा पुढे गेला. माहिती वाढत होती, तशी भीतीही वाढत होती.

अशा मनःस्थितीत लेखासाठी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र पुन्हा उघडले आणि त्याच श्रीरामपुरात येऊन पोहोचले. गोपाळराव तेथे टपाल खात्यात होते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथील कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत व्याख्यान दिले. वय अठराही पुरे नव्हते. अमेरिकेस जाऊन वैद्यक शिकण्याचा त्यांचा निश्चय ऐकून लोक रस्त्यात, घरात, सर्वत्र शंका विचारीत. त्या सर्व शंका त्यांनी सहा प्रश्नांत बसवल्या. अमेरिकेस का जाता? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकट्या का जाता? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही काय? संकट आले तर काय कराल? जे कोणा स्त्रीने केले नाही, ते तुम्हीच का करावे?

भगिनींनो, या सहांत बोटीचा, थंडीचा, सामानसुमानाचा एकही प्रश्न नाही. ही चौकशी त्यांनी केली नाही असे मात्र नव्हे. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार १८८० पासून चालू होता. ती चौकशी आपल्या जागी होती. निर्णय मात्र या सहा उत्तरांवर उभा होता. एकटी का, या प्रश्नाला त्यांनी साधे उत्तर दिले. दोघांनी जाण्याचाच विचार होता. पण पैसा पुरेसा नाही, आणि वृद्ध आईवडील व धाकटे भाऊ यांचा भार पतीवर आहे. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसून राहिले. दोघांचा बेत एकटीने पुरा करणारी मी काही पहिली नव्हते.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. सोबतीला ओळखीच्या मिशनरी बायका होत्या, घरचे कोणी नव्हते. ४ जून रोजी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटरबाई त्यांना घ्यायला आल्या होत्या. दोघींनी एकमेकींना पूर्वी कधी पाहिलेले नव्हते. वाटेत खाण्यापिण्याचे हाल झाले. पुढे फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारी पुरेना, तेव्हा गुजराती पद्धतीने लुगडे नेसण्याची युक्ती त्यांनी काढली. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. त्या प्रवासाची किंमत त्यांनी फार मोठी दिली, हे विसरून चालणार नाही. म्हणून बेफिकिरीने निघा असे मी म्हणणार नाही. परंतु लुगड्याची युक्ती पत्रांतून नव्हे, त्या थंडीतच सुचली.

दुसरे उदाहरण पार्वतीबाई आठवले यांचे. हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी जमवणाऱ्या या विधवा बाई १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, अमेरिकेस गेल्या. इंग्रजी जेमतेम. ते शिकायचे आणि संस्थेसाठी पैसा मिळवायचा, एवढा हेतू पक्का होता. तेथे लोकांच्या घरी घरकाम करून त्या राहिल्या आणि १९२० साली परतल्या. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात हे सारे त्यांनी सांगितले आहे.

दोघींच्या तयारीत महदंतर आहे. एकीपाशी तीन वर्षांची पत्रे, दुसरीपाशी जवळजवळ काहीच नाही. पण का जायचे, हे दोघींनाही पक्के ठाऊक होते.

त्या रात्री मी वही बाजूला ठेवली आणि एका कोऱ्या कागदावर पाचच प्रश्न लिहिले. का जायचे? पहिली रात्र कोठे? पैसे किती? रोज कोणाला कळवायचे? अडचण आली तर कोणाला हाक मारायची? उत्तरे अर्ध्या तासात लिहून झाली. मुक्काम कोलकात्याच्या महाराष्ट्र निवासात, म्हणजे हाक मारायला आपली भाषा जाणणारे कोणी असेल. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात परतीचे तिकीट आधी काढले. सूनबाईंना रोज रात्री नऊला फोन. बाकीचे वाटेत विचारीन, असे ठरवले. तोंड आहे ना!

आणि विचारलेही. हावड्याहून लोकल कोणती, हे फलाटावरच्या एका भाजीवालीने माझ्या मोडक्या हिंदीवरून ओळखून दाखवले. कॉलेजच्या उंच खांबांसमोर हुगळी संथ वाहत होती. यांचा चष्मा मी पर्समध्ये घेऊन गेले होते, तो काढून थोडा वेळ हातात धरून बसले. हे माझ्या बेचाळीस पानांत कोठेच नव्हते.

मंडळातील ज्या भगिनींच्या मनात असा एखादा राहिलेला प्रवास असेल, त्यांनी प्रथम एक कोरा कागद घ्यावा. वही मागाहून, आणि तीही पातळच असू द्यावी.