छऱ्याचे काडतूस, पाणपक्ष्यांच्या शिकारीचे

बदके, कलहंस इ. पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी वापरण्यात येणारे, एका बारात अनेक छरे सोडणारे काडतूस. नळकांड्याच्या तळाशी स्फोटक टिकली, तीवर दारू, मग बूच आणि त्यापुढे छरे अशी त्याची रचना असते. अमेरिकन पद्धतीत १७ मधून छऱ्याचा क्रमांक वजा केला असता त्याचा व्यास इंचाच्या शतांशात मिळतो, म्हणजे क्र. ४ चा छरा ०·१३ इंच (सु. ३·३ मिमी.) व क्र. २ चा ०·१५ इंच (सु. ३·८ मिमी.) व्यासाचा असतो.

छरे पूर्वी शिशाचेच असत. वितळलेले शिसे उंचावरून पाण्यात सोडून गोल छरे बनविण्याचे एकस्व ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स यांनी १७८२ मध्ये घेतले. जड, मऊ व स्वस्त असल्याने शिसे या कामी आदर्शच होते. दोष निराळ्याच ठिकाणी होता. पाणथळीत पडलेले छरे बदके अन्न दळण्यासाठी लागणारे खडे समजून गिळतात. पेषणीत ते झिजतात, शिसे रक्तात उतरते आणि पंख लोंबलेला, खंगलेला पक्षी मरतो. जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८९४ मध्येच ही विषबाधा नोंदविली होती. फ्रँक बेलरोझ यांच्या १९५९ च्या अंदाजाप्रमाणे उत्तर अमेरिकेतील २ ते ३ टक्के पाणपक्षी दरवर्षी तीमुळे मरत.

पर्याय म्हणून पोलादी छरे आले. खरे तर ते बहुधा मऊ लोखंडाचेच असतात. शिशाची घनता ११·३, तर यांची सु. ७·८ असल्याने त्यांचा वेग लवकर घटतो. यामुळे जखमी होऊन निसटणारे पक्षी वाढतील, असा शिकाऱ्यांचा आक्षेप होता. तो सर्वस्वी पोकळ नव्हता. परंतु पुष्कळसा दोष जुन्याच क्रमांकाचे काडतूस घेऊन लांबून बार काढण्याच्या सवयीचा होता. शिशाच्या क्र. ४ ऐवजी पोलादाचा क्र. २, म्हणजे दोन क्रमांक मोठा छरा घेऊन पल्ला आखडल्यास अडचण बरीच दूर होते. जुन्या, पातळ नळीच्या बंदुकांना मात्र कठीण छरे मानवत नाहीत; त्यांसाठी पुढे बिस्मथाचे छरे निघाले.

विरोध इतका तीव्र होता की, राज्यांच्या संमतीवाचून केंद्रीय खात्याने सक्ती करू नये, असे बंधन अमेरिकन काँग्रेसने १९७८ मध्ये घातले. शिसे खाल्लेली बदके भक्षून टकले गरुडही मरू लागले, तेव्हा प्रश्न न्यायालयात गेला. अखेर १९९१ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर देशभर बंदी आली. एकट्या १९९७ मध्ये तीमुळे सु. १४ लाख बदके वाचली, असा अंदाज २००० मध्ये प्रसिद्ध झाला. कॅनडाने १९९९ मध्ये अशीच बंदी घातली. यूरोपीय संघात पाणथळींपुरती ती फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाली.