इंदूरची खाद्यपेठ : काही ऐतिहासिक विचार

बाहेरगावचा पाहुणा इंदुरास आला म्हणजे दोन प्रश्न हटकून विचारतो. राजवाडा कोठे आहे, हा पहिला. आणि खावयास उत्तम कोठे मिळते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देण्यास आमच्यापाशी कैफियती आहेत, दप्तरे आहेत, होळकरशाहीवरील ग्रंथ आहेत. दुसऱ्या प्रश्नाला मात्र आम्ही एखाद्या गल्लीकडे बोट दाखवून मोकळे होतो. १९१७, १९३५ आणि २००१ या वर्षी मराठी साहित्य संमेलने या नगरीत भरली. त्या निमित्ताने आलेल्या किती सारस्वतांनी रात्री सराफ्यात उभे राहून द्रोण चाटले असतील, याची नोंद कोणत्याही अहवालात नाही. अध्यक्षीय भाषणे तेवढी जपली गेली.

ही उपेक्षा आजवर चालून गेली. आता ती चालणार नाही, असे वाटण्यास एक कारण घडले आहे. २०२५ साली सराफ व्यापाऱ्यांनी रात्रीच्या खाद्यबाजाराबद्दल उघड तक्रार केली. अरुंद गल्ली, पेटत्या शेगड्या, गॅसच्या टाक्या आणि मुंगीला वाट नाही अशी गर्दी. आग लागली तर काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. त्यावर जी चर्चा झाली तीत एक तोडगा असा पुढे आला की, पारंपरिक पदार्थ विकणाऱ्यांस राहू द्यावे आणि मोमो, नूडल्स इत्यादी नव्या पदार्थांची दुकाने हलवावीत. तोडगा ऐकावयास सोपा आहे. पण ‘पारंपरिक’ म्हणजे काय, हे ठरवावयाचे कोणी? हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि त्यात मराठी समाजाचाही थोडा वाटा आहे. त्या वाट्याबद्दल आमच्या मंडळींत बोलताना अतिशयोक्ती फार होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम पाहुण्याच्या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकू. इंदुरात खाण्याचे ठिकाण शोधावयाचे तर पत्ता विचारू नये, घड्याळ पाहावे. सकाळी नऊला सराफ्यात गेलात तर बंद दुकानांच्या फळ्या दिसतील. आणि दुपारी चारला पोहे मागितलेत तर मिळतील, पण ते कोणासाठी तरी उरलेले असतील. येथे प्रत्येक पदार्थाला त्याचा प्रहर आहे, आणि तो प्रहर कोणत्या ना कोणत्या धंद्याने ठरवून दिलेला आहे.

हे असे का झाले, ते शहराच्या घडणीत पाहावे लागते. इंदूर हे आधी बाजाराचे गाव आणि मग राजधानीचे. अहिल्याबाईंचा कारभार महेश्वराहून चाले. त्या काळीही खान नदीकाठची ही वस्ती व्यापाराच्या बळावर वाढत होती. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरची लढाई झाली, १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला, आणि त्यानंतर होळकरांची राजधानी इंदुरास स्थिर झाली. एकीकडे दरबार, दुसरीकडे रेसिडेन्सीची छावणी, आणि मध्ये माळव्याच्या अफूचा नि कापसाचा व्यापार करणारे सावकार. खांडवा-इंदूर लोहमार्गासाठी होळकर दरबाराने इंग्रज सरकारास एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, यावरून या गावातील पैशाची कल्पना यावी. जेथे पैसा रात्री उशिरापर्यंत मोजला जातो, तेथे रात्री उशिरा भूकही लागते.

राजवाड्याच्या मागील अंगास सराफा आहे. दिवसा सोने-चांदी, आणि रात्री दुकाने बंद झाली की त्याच दुकानांच्या ओट्यांवर कढया चढतात. मध्यरात्र उलटेपर्यंत त्या उतरत नाहीत. याची उत्पत्ती सांगणारी एक कथा सर्वांच्या तोंडी आहे. सराफांनीच म्हणे खाद्यविक्रेत्यांस ओट्यावर बसविले, की माणसांची वर्दळ राहिली म्हणजे चोरांचे भय उरू नये. कथा सुंदर आहे, आणि सुंदर कथेविषयी इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध असावे. आम्हांस वाटते की कारण याहून साधे असावे. पेढीवरचे मुनीम, कारागीर, हमाल आणि भावांवर पैज लावणारे सटोडिये यांची दुकाने मिटण्याची वेळ हीच फराळाची वेळ. गिऱ्हाईक जागेवर होते. ओटा रिकामा होता. राखणीचा लाभ मागाहून ध्यानात आला असेल. एक गोष्ट मात्र विलक्षण आहे. ज्या पेढ्यांच्या ओट्यांवर हा बाजार भरतो त्यांपैकी पुष्कळ जैन कुटुंबांच्या. आणि जैन आचार सूर्यास्तानंतर भोजन करू नये असे सांगतो. म्हणजे मालकाच्या धर्माने निषिद्ध मानलेल्या वेळी त्याच्याच दारात भोजन चालते. अन्नावर मात्र मालकाच्या आचाराची छाया पडलीच. सराफ्याचा रात्रबाजार शाकाहारी आहे, आणि त्याच्या कित्येक पदार्थांत कांदा-लसूण नाही.

सकाळच्या पोह्यांचा प्रहर निराळ्या लोकांनी घडविला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मालवा युनायटेड, हुकुमचंद, स्वदेशी, कल्याणमल, राजकुमार, भंडारी अशा कापडगिरण्या येथे उभ्या होत्या. पाळी सुटलेला आणि पाळीवर निघालेला, असे दोन्ही कामगार पहाटे रस्त्यावर भेटत. त्यांस स्वस्त, गरम आणि उभ्याने खाता येईल असे काही हवे होते. याच गिरण्यांनी अनंत चतुर्दशीच्या रात्री गणपतीच्या झाक्या काढण्याची प्रथा शंभर वर्षांपूर्वी सुरू केली. त्या रात्री सारे शहर जागते आणि सारे शहर खाते. हुकुमचंद गिरणी १९९१ साली बंद पडली, इतरही मिटल्या. झाक्या निघतात, आणि पहाटेचे पोहे आहेत तेथेच आहेत. तात्यासाहेब सरवटे यांच्या नावाच्या बसस्थानकाभोवती आणि रेल्वे स्टेशनच्या परिसरात तर ते अपरात्रीही मिळतात. संविधान सभेत बसलेल्या या मराठी पुढाऱ्याचे नाव आज बहुतेकांस तेथे उतरताना घेतलेल्या पोह्यांमुळेच माहीत आहे.

आता आमच्या मंडळींचा आवडता दावा. इंदूरचे पोहे हे मराठ्यांनी आणले, असे आम्ही प्रत्येक पाहुण्यास सांगत आलो. हे विधान जसेच्या तसे टिकणारे नाही. पोहे म्हणजे संस्कृत ‘पृथुक’. भागवतात सुदामा श्रीकृष्णाकडे नेतो ते तेच. आणि ज्या सांदीपनींच्या घरी हे दोघे शिकले, त्यांचा आश्रम उज्जयिनीस दाखवितात. म्हणजे पुराणाचीच साक्ष काढावयाची तर पोहे माळव्यात आमच्या कितीतरी आधी ठाऊक होते. (श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी आपल्या विनोदी लेखांस ‘सुदाम्याचे पोहे’ म्हटले, आणि इंदूरकरांनी एका मोठ्या वसाहतीस सुदामानगर, दोन्हीकडे पोह्यांची आठवण आहेच.) गुजराथेत, कोकणात, छत्तीसगडात, जेथे जेथे भात आहे तेथे तेथे पोहे आहेत. त्यांवर सनद कोणाची?

शिवाय इंदूरचे पोहे हे आमच्या घरचे कांदेपोहे नव्हेतच. आपण फोडणीत कांदा परततो आणि भिजविलेले पोहे तीत घालून वाफ आणतो. तेथे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर परात ठेवतात आणि वाफेवरच पोहे मऊ राखतात. तेल बेताचे, बडीशेप हमखास, कांदा कच्चा आणि वरून. त्यावर शेव, लिंबू, आणि जीरावण नावाची जिरे, धने, बडीशेप, आमचूर, काळे मीठ इत्यादींची पूड. शेजारी जिलबी. तिखट-गोडाची ही जोडी पाहून आमच्या एका वृद्ध आप्तांनी नाक मुरडले होते, आणि दुसऱ्या दिवशी तेच पहाटे पिशवी घेऊन निघाले होते. न्याहारीला फोडणीचे पोहे करण्याची सवय मराठी घरांनी येथे रुजविली असेल, हे संभवते. त्यापुढचे सर्व माळव्याचे कर्तृत्व आहे.

मग आमचा वाटा काहीच नाही काय? आहे, परंतु तो शोधावयाचा तर पदार्थात नव्हे, शब्दांत शोधावा. सराफ्यातील मानाचा पदार्थ म्हणजे ‘भुट्टे का कीस’. कोवळी कणसे किसावयाची, तुपात हिंग-जिऱ्याची फोडणी देऊन तो कीस परतावयाचा, दूध घालून मुरवावयाचा, आणि वर लिंबू, कोथिंबीर, खोबरे. हिंदीच्या विस्तीर्ण प्रदेशात याच क्रियेस ‘कद्दूकस करना’ म्हणतात. येथे ‘कीस’ आला. बटाट्याचा कीस ज्या घरांत एकादशीस होतो, त्या घरांच्या शेजारामुळेच हा शब्द माळवीत इतका रुळला, असे मानावयास हरकत दिसत नाही. दुसरा शब्द ‘उसल’. सकाळच्या कित्येक दुकानांवर ‘उसल-पोहा’ अशी पाटी असते. मोड आलेल्या वा भिजविलेल्या कडधान्याचा रस्सा पोह्यांवर घालतात आणि त्यास आपल्या ‘उसळी’चेच नाव आहे, केवळ ‘ळ’ गळाला. गायकवाडांच्या वडोदऱ्यातही असेच घडले. तेथील ‘सेव-उसळ’ हा आज साऱ्या गुजराथी शहराचा पदार्थ आहे. दोन मराठी राजधान्या, दोन भिन्न भाषांचे प्रदेश, आणि दोन्हीकडे रस्त्यावर एकच शब्द मागे राहिला. शिलालेखाच्या पुराव्याइतकेच मोल आम्ही या पाट्यांस देऊ. विकणारा मराठी नाही, खाणारा मराठी नाही, आणि तरी शब्द मराठी आहे.

तिसरा पदार्थ साबूदाण्याची खिचडी. ही तर उपासाची, म्हणून प्राचीन, असा समज. पण साबूदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. आणि सेलमकडे त्याचा उद्योग उभा राहिला तो १९४३ च्या सुमारास, महायुद्धामुळे बाहेरून येणारा माल आटल्यावर. मका अमेरिकेतला. बटाटा अमेरिकेतला, खोपरा-पॅटिसमधील खोबऱ्याचे सारण जुने, पण त्याभोवतीचे आवरण बटाट्याचे. मिरचीही तिकडचीच. सराफ्याच्या कढईत अस्सल जुने म्हणावे असे शोधू गेले तर दहीवडा, मालपुवा, जिलबी (तीही पश्चिम आशियातून आलेली, येथे ती पावशेराहून जड होऊन ‘जलेबा’ होते) आणि हिवाळ्यातला गराडू. हा गराडू आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद. तळून, जीरावण भुरभुरून, लिंबू पिळून देतात. थंडीत इंदुरास येणाऱ्याने इतर सर्व सोडावे आणि हा खावा, एवढा पक्षपात आम्हांस क्षम्य असावा.

तेव्हा मोमोंस परके म्हणून घालविणाऱ्यांनी मक्यास कोणत्या न्यायाने ठेविले, हे सांगावे लागेल. आमचे मत असे की, येथे मुळाचा विचार व्यर्थ आहे. त्या ठिकाणी, त्या वेळी, तेथल्या माणसांसाठी जे बदलत बदलत घडले ते तेथले. मक्याचा कीस अन्यत्र असा होत नाही. मोमो सर्वत्र एकच आहे. उद्या एखाद्याने त्यास जीरावण लावून काही निराळे केले तर पन्नास वर्षांनी आमचे नातू त्यासही पारंपरिक म्हणतील. आगीचा प्रश्न वेगळा. तो शेगड्यांची संख्या, गल्लीची रुंदी आणि बंबाची वाट यांवर सुटावा. पदार्थाच्या कुळाशी त्याचा संबंध नाही.

स्वच्छतेची कथाही अशीच मागे जाते. २०१७ पासून देशातील स्वच्छ शहरांत इंदूर वर्षानुवर्षे पहिले येत गेले. नव्या पलासियातील ‘छप्पन दुकान’ २०२० च्या आरंभी नव्याने बांधून निघाले, तेही, संख्येचा मान राखून, छप्पन दिवसांत. ते नेटके आहे. बसावयास जागा आहे. वयस्क पाहुण्यांस आम्ही तेथेच नेतो. पण या शहरास स्वच्छतेचा उत्सव करण्याची कल्पना शंभर वर्षांपूर्वी सुचविली गेली होती. नगररचनाकार पॅट्रिक गेडीस १९१७-१८ मध्ये दरबाराच्या बोलावण्यावरून येथे आले. प्लेगचे दिवस होते. त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढविली, आणि ज्या मार्गावरील घरे अधिक झाडलेली-सारवलेली, त्या मार्गाने ती जाईल असे जाहीर केले. घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर मिरवून जाळण्यात आले. १९१८ साली त्यांचा अहवाल दोन खंडांत निघाला.

आता पाहुण्यासाठी शेवटचे. एकच पदार्थ विकणारा पाहावा. पाटीवर वीस नावे असलेल्याकडे जाऊ नये. कोठे खावे हे सराफाच्या नोकरास विचारावे, मालकास नव्हे. मालक घरी जेवतो. दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलणारा प्रसिद्ध आहे, त्याची कसरत पाहावी, पण दह्याची चव घेऊन मगच मत बनवावे. आणि शक्य झाल्यास बाजार उठेपर्यंत थांबावे. कढया उतरतात, ओटे धुतले जातात, झाडूवाले येतात. मग उजाडताना, दुकाने उघडण्याच्या आधी, झारेकरी येतात, ज्यांस तिकडे न्यारिये म्हणतात. ते गटाराच्या कडेचा आणि पायऱ्यांखालचा केर गोळा करून पाण्यात चाळतात. दिवसा कारागिरांच्या हातून सांडलेले सोन्याचे कण त्यात असतात, आणि रात्रीच्या शेवेचा चुराही.